गेटवर मशीन वाजलं, आता पुढे काय? कोकणातल्या नव्या एचआर आणि शिफ्ट इनचार्जसाठी

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, खडपोली, तळोजा. यातल्या कुठल्याही एमआयडीसीत एचआरला किंवा शिफ्ट इनचार्ज म्हणून नव्यानं लागलात, तर वर्ष सरायच्या आत गेटवरून एक फोन येणार हे धरून चाला: "साहेब, एक जण मशीनमध्ये सापडलाय." मशीन म्हणजे श्वासातली दारू मोजणारं ब्रेथ ॲनालायझर. शिमग्यात रात्रभर पालखी नाचवून थेट फर्स्ट शिफ्टला आलेला असेल, गणपतीत जाखडीची बारी संपवून आलेला असेल, नाहीतर पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा साधा गडी असेल.

नवीन माणूस अशा वेळी एकतर "जा घरी, उद्या ये" म्हणून विषय मिटवतो, नाहीतर तिथल्या तिथे "उद्यापासून येऊ नको" म्हणून मोकळा होतो. कागद दोन्हीकडे कोरा. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की कंपनीच्या वकिलाकडे दाखवायला काहीच नसतं. मशीनवरचा आकडा ही चौकशीची सुरुवात असते, शिक्षा तिथून बरीच लांब आहे. मधली वाट कशी चालायची ते खाली लिहितो.

मशीन विकत घेण्याआधी

आधी धोरण लेखी हवं, आणि मराठीत हवं. इंग्रजी पॉलिसीचा प्रिंटआउट नोटीस बोर्डावर लावला म्हणजे कामगाराला कळवलं असं होत नाही. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही द्या आणि प्रत्येकाची पोच सहीनिशी फाइलला लावा. पुढे सगळं या पोचेवर उभं राहतं.

धोरणात काय हवं? टेस्ट कधी घेणार: शिफ्ट सुरू होताना, अपघातानंतर, संशय आल्यावर की अचानक चिठ्ठ्या टाकून. कोणाची घेणार. किती आकड्याला 'पॉझिटिव्ह' धरणार. नकार दिला तर काय. दुसऱ्या टेस्टचा हक्क आहे का. आणि निकाल कोणाला कळणार.

आकड्याबाबत मोठा गोंधळ असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण ती रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यासाठी. रिॲक्टरवर उभ्या राहणाऱ्याला ती आपोआप लागू होत नाही. कारखाना स्वतःची मर्यादा ठरवू शकतो, शून्यही ठेवू शकतो, मात्र ती लिहिलेली हवी. जहाजावरच्या लोकांसाठी आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू नियमांत रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरला ०.२५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे; रत्नागिरी-दापोलीकडे घराघरात एखादा दर्यावर्दी असतो, त्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल. आपलं मशीन कुठल्या एककात आकडा दाखवतं तेही पाहून ठेवा. कुठलं मशीन '३०' दाखवतं, कुठलं त्याच गोष्टीला '०.०३' म्हणतं, आणि श्वासाचं एकक असेल तर तिसराच आकडा येतो. आरोपपत्रात एकक चुकलं की समोरचा प्रतिनिधी त्यावरच बोट ठेवणार.

मग स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत कलम २४ मध्ये गैरवर्तनाची यादी आहे आणि आस्थापनेच्या आवारात नशेत असणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बहुतेक कारखान्यांचे प्रमाणित आदेश त्यावरच बेतलेले असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. आधी महाराष्ट्रात ती ५० पासून होती. तुमचा कारखाना लहान असला तरी बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय माणूस काढता येतो असा याचा अर्थ नाही. तिथे नेमणूकपत्रातल्या अटी आणि लेखी धोरण हाच तुमचा आधार, म्हणून ते जास्तच नीट लिहायचं.

आणि हो, मशीन सगळ्यांसाठी. फोर्कलिफ्टवाल्यानं फुंकायचं आणि साहेबांच्या गाडीला सलाम ठोकून फाटक उघडायचं, असं जिथे चालतं तिथलं धोरण कोणी मनावर घेत नाही. अचानक टेस्टसाठी नावं काढताना युनियनच्या माणसासमोर चिठ्ठ्या टाका. सुपरवायझरनं बोटानं माणूस निवडला की "माझ्यावरच डूख आहे" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

गेटवरचा पहिला अर्धा तास

पहिल्या फुंकरीवर कधीच निर्णय घेऊ नका. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल, होमिओपॅथीचे थेंब घेतले असतील, खोकल्याचं औषध प्यायलं असेल, तर तोंडातलं अल्कोहोल मशीन पकडतं. ते साधारण पंधरा मिनिटांत उडून जातं. रक्तातलं मात्र तसं उडत नाही. म्हणून पंधरा-वीस मिनिटं माणसाला नजरेसमोर बसवा, चूळ भरायला पाणी द्या, काही खाऊ-पिऊ देऊ नका, तंबाखूसुद्धा नको, आणि नवी नळी लावून दुसऱ्यांदा टेस्ट घ्या. दोन्ही आकडे वेळेसकट लिहा.

हे पुस्तकी वाटत असेल तर केरळचं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये तिथल्या पंदळम एसटी डेपोत ड्युटीवर आलेले कर्मचारी ब्रेथ ॲनालायझरमध्ये सापडले. दारूला तर कोणी शिवलेलं नव्हतं. शोध घेतल्यावर कारण निघालं पिकलेला फणस. बरक्या-काप्याचा वाद रंगवणाऱ्या कोकणात हे वेगळं समजावायला नको. मे-जूनमध्ये डब्यातून गरे येतात, काजूची बोंडं खाल्ली जातात, सकाळची नीरा दुपारपर्यंत माडी झालेली असते. "गरे खाल्ले साहेब" हे दर वेळी खरं असेल असं नाही. पण खरं असेल तर दुसऱ्या टेस्टला आकडा शून्यावर येईल, आणि खोटं असेल तर येणार नाही. वाद घालायची गरजच नाही.

टेस्ट प्लँटमध्ये किंवा सॉल्व्हंटच्या ड्रमांशेजारी घेऊ नका. फ्युएल-सेल प्रकारचं मशीन इथेनॉलप्रमाणेच मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोललाही प्रतिसाद देतं. हाताला नुकतंच सॅनिटायझर लावून मशीन धरणारा सिक्युरिटी गार्ड हाही घोळ करू शकतो.

दुसरी अडचण कालच्या दारूची. "रात्री घेतली होती, सकाळी नाही" हे बऱ्याचदा अगदी खरं असतं आणि तरीही आकडा येतो. शरीर दारू १०० मिली रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानं उतरवतं. चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. मध्यरात्री १२ वाजता १२० असलेला माणूस सकाळी ६ ला साधारण ३० वर असतो. हे गणित कामगारांना आधीच, सेफ्टीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत), शिमग्याच्या चार दिवस आधी सांगा. निम्म्या केसेस तिथेच कमी होतील, असा माझा तरी अनुभव आहे.

बोलताना आवाज चढवू नका. समोरचा वयानं मोठा असेल तर "तात्या, पंधरा मिनिटं इथं बसा, चूळ भरा, मग परत एकदा फुंकायचंय" एवढंच. "किती ढोसलीस?" हे वाक्य तोंडातून गेलं की पुढची चौकशी पूर्वग्रहदूषित असल्याचा पहिला मुद्दा तुम्हीच दिलात.

आधी डॉक्टर, मग कागद

झोकांड्या, जड जीभ, लाल डोळे हे सगळं दारूचंच असतं असं नाही. मधुमेह्याची साखर उतरली की तो हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो. पक्षाघाताची सुरुवात, डोक्याला मार, उष्माघात, आणि आपल्याकडे खास करून टोल्युईनसारख्या सॉल्व्हंटची वाफ छातीत जाणं, यांनीही तेच दिसतं. अशा माणसाला दारुड्या समजून सिक्युरिटी केबिनच्या बाकावर झोपवून ठेवलं तर जीव जाऊ शकतो. मशीन शून्य दाखवतंय आणि माणूस डुलतोय, तर ती धोक्याची घंटा समजून तडक ओएचसीत (कारखान्याच्या दवाखान्यात) न्या आणि साखर तपासा. मशीन आकडा दाखवतंय तरीही न्या, कारण प्यायलेल्यालाही झटका येतोच.

डॉक्टरकडे जायचं दुसरंही कारण आहे. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका वाहन अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असं ठरवता येत नाही; रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नव्हती. तो फौजदारी खटला होता. खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याची पातळी त्याहून खाली असते: संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यता कुठल्या बाजूला झुकते ते पाहतात. तरीही "वास येत होता" एवढ्या एका ओळीवर विसंबू नका. मशीनची छापील स्लिप, डॉक्टरची नोंद आणि साक्षीदार, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर केस टिकते. रक्त घ्यायचं असेल तर संमती लेखी घ्या आणि ते डॉक्टरच घेतील.

पंचनामा: लिहायचा कसा

तिथेच, त्याच वेळी, दोन साक्षीदारांसमोर. कोकणात इथे गाडी अडते. साक्षीदार त्याच वाडीतला, कदाचित भावकीतला. "साहेब, गावात तोंड दाखवायचंय" म्हणून तो सही टाळतो. म्हणून एक साक्षीदार सिक्युरिटीचा आणि दुसरा वेगळ्या डिपार्टमेंटचा, शक्यतो वेगळ्या तालुक्यातला घ्या. सही करणाऱ्याला एवढंच सांगा की जे डोळ्यांनी पाहिलं त्याचीच सही आहे, माणूस कसा आहे याची नाही.

मजकूर असा काहीसा: "आज दि. … रोजी सकाळी ६.५० वाजता मुख्य गेटवर श्री. …, टोकन क्र. …, यांची ब्रेथ ॲनालायझर क्र. … वर चाचणी घेतली. आकडा … मिग्रॅ/१०० मिली. त्यांना सुरक्षा कक्षात बसवून चूळ भरण्यास पाणी दिले. ७.१० वाजता नवीन नळी लावून दुसरी चाचणी घेतली. आकडा … . बोलणे स्पष्ट/अस्पष्ट, चाल स्थिर/अस्थिर. त्यांचे म्हणणे: '…'." शेवटचा भाग सोडू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, "पोराच्या बारशाला घेतली" असेल तर तेच. 'मद्यधुंद अवस्थेत' वगैरे वर्तमानपत्री शब्द पंचनाम्यात नकोत.

सोबत मशीनच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची प्रत लावा. मुदत संपलेली असेल तर ती आजच कळली तर बरं, चौकशीच्या दिवशी नको. थर्मल कागदावरची स्लिप काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून लगेच झेरॉक्स काढून तीही सही-शिक्क्यानिशी ठेवा.

टेस्टला नकार दिला तर जबरदस्ती नाही, हात धरणं नाही. नकाराचाच पंचनामा करा. धोरणात लिहिलेलं असेल तर कायदेशीर सूचना न पाळणं हे वेगळं गैरवर्तन ठरतं.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: त्याच अवस्थेत कबुलीजबाब किंवा राजीनामा लिहून घेणं. शुद्धीत नसलेल्या माणसाची कबुली कसली? "तो प्यायलेला होता" आणि "त्यानं समजून-उमजून सही केली", ही दोन वाक्यं कंपनी एका दमात म्हणू शकत नाही. घाईत घेतलेला राजीनामा न्यायालयात बेकायदा बडतर्फी म्हणून उलटतो.

घरी कसा सोडायचा

दुचाकीची किल्ली सिक्युरिटीकडे जमा, पावतीसह. परशुराम घाटात किंवा भोस्ते घाटात त्याला मोटरसायकलवर सोडणं म्हणजे अपघात आपल्या हातानं घडवणं. घरी फोन करा, कोणी येत नसेल तर कंपनीची गाडी आणि सोबत माणूस. घरच्यांना फोनवर "तब्येत बरी नाही, घ्यायला या" पुरे. बायकोला "तुमचा नवरा पिऊन आलाय" सांगणं तुमचं काम नाही. फोटो-व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्या सुपरवायझरला मात्र लगेच मेमो द्या. त्यानं कंपनीची केस आणि माणसाची अब्रू, दोन्ही घालवलेली असते.

दुसऱ्या दिवसापासून: आरोपपत्र आणि चौकशी

माणूस शुद्धीवर आला की त्याचं म्हणणं शांतपणे ऐका. पहिलीच वेळ, जोखमीचं काम नाही, आकडा थोडा, तर लेखी ताकीद देऊन प्रकरण संपवता येतं. पुढे जायचं असेल तर आरोपपत्र.

"तुम्ही नेहमी दारू पिऊन कामावर येता" हे आरोपपत्र नव्हे. त्याला उत्तर काय देणार? तारीख, वेळ, जागा, दोन्ही आकडे, मशीनचा क्रमांक, आणि स्थायी आदेशातलं कुठलं कलम मोडलं, एवढं लिहा. सोबत पंचनाम्याची प्रत. मागच्या वेळची ताकीद शिक्षा ठरवताना वापरायची असेल तर तीही आरोपपत्रात नमूद करा, मागाहून खिशातून काढायची नाही. उत्तराला रास्त मुदत द्या.

चौकशी होईपर्यंत निलंबित केलंत तर निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिल्या ९० दिवसांत वेतनाच्या ५० टक्के, आणि त्यानंतरचा उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. नवीन संहितेत निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी पुरी करायची अपेक्षा आहे. भत्ता थकवून चौकशी चालवली तर तेवढ्यावरच ती कोसळू शकते. एकट्या दारूच्या केसमध्ये, जिथे कागद एका दिवसात पुरे झालेत, तिथे निलंबनाची गरज खरोखर आहे का हेही स्वतःला विचारा. बऱ्याचदा नसते.

चौकशी अधिकारी तक्रारदारही नको आणि साक्षीदारही नको. गेटवर टेस्ट घेणाऱ्या साहेबानंच चौकशीला बसायचं हा प्रकार लहान कारखान्यांत सर्रास चालतो. कामगाराला सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी बरोबर आणू द्या. साक्षी त्याच्यासमोर, उलटतपासणी त्याला करू द्या, त्याचे साक्षीदार बोलवू द्या. कामकाज मराठीत लिहा, प्रत्येक पानावर सही घ्या, प्रत त्याच दिवशी द्या. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम इथे लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात १९७७ सालीच सांगितलंय. नैसर्गिक न्याय मात्र सुटत नाही.

शिक्षा किती

जुन्या आदर्श आदेशांप्रमाणे पर्याय असे: ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंत बिनपगारी निलंबन, आणि बडतर्फी. दंड त्या वेतनकाळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांपलीकडे कापता येत नाही, तेव्हा "हजार रुपये कापा त्याचे" असं तोंडी फर्मान काढू नका.

शिक्षा गुन्ह्याच्या मानानं आहे का, हे न्यायालय पाहतं. २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल नव्यांनी समजून घ्यावा असा आहे. उत्तर प्रदेशात पीएसीच्या (तिथल्या सशस्त्र पोलीस दलाच्या) जवानांना कुंभमेळ्याच्या बंदोबस्तावर नेणाऱ्या ट्रकचा चालक प्यायलेला होता, त्यानं जीपला धडक दिली. मोठं नुकसान झालं नाही, हे केवळ नशीब, असं न्यायालय म्हणालं. त्याबद्दल दया दाखवली नाही. तरीही सुमारे २५ वर्षांची नोकरी लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. म्हणजे काम किती जोखमीचं आणि सेवा किती, दोन्ही तराजूत पडतात. बागेत झाडू मारणारा आणि बॉयलर अटेंडंट, आकडा सारखा आला तरी एका मापानं मोजायचे नाहीत. पण दोन बॉयलर अटेंडंट मात्र एकाच मापानं, मग त्यातला एक सरपंचाचा पुतण्या का असेना.

गांजा, गोळ्या आणि लघवीची टेस्ट

इथे जपून. श्वासाची टेस्ट सांगते की आत्ता अंमल आहे. लघवीची टेस्ट सांगते की कधीतरी घेतलं होतं. गांजाचे अंश नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडू शकतात. त्यामुळे "कामावर नशेत होता" असा आरोप केवळ लघवीच्या रिपोर्टवर टिकत नाही. धोरणात 'अंश आढळणे' हेच गैरवर्तन म्हणून लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

पट्टीवरची झटपट टेस्ट ही फक्त चाळणी. कोडीनचं खोकल्याचं औषध, इतकंच काय, खसखस घातलेलं वाटणसुद्धा अफूवर्गीय पट्टी पॉझिटिव्ह करू शकतं. पट्टी पॉझिटिव्ह आली की तोच नमुना दोन सीलबंद बाटल्यांत, कामगाराच्या सहीसह, आणि एक बाटली जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस पद्धतीनं खात्री करणाऱ्या प्रयोगशाळेत. रिपोर्ट येईपर्यंत आरोपपत्र नाही. चालू औषधांची यादी डॉक्टरनं विचारायची, एचआरनं नाही. मानसोपचाराची गोळी चालू असल्याचं तुम्हाला कळायचं काही कारण नाही. आवारात गांजाची पुडी सापडली तर मात्र तो एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचा विषय, लगेच पोलिसांना कळवा, पुडी ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

ठेकेदाराचा माणूस

त्याला आरोपपत्र तुम्ही देऊ नका. पंचनामा करा, गेटपास काढून घ्या, ठेकेदाराला लेखी कळवा, कारवाई त्यानं करायची. मुख्य कंपनीनंच शिस्तीचा बडगा उगारला की "मग मी तुमचाच कामगार" हा दावा करायला मोकळीक मिळते.

परत आल्यावर

दुसऱ्या-तिसऱ्यांदा सापडणारा बहुधा आजारी असतो. रोज पिणारा माणूस धाकानं एकदम थांबला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं घडू शकतं, म्हणून "उद्यापासून बंद म्हणजे बंद" असं त्याच्याकडून वदवून घेऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसची १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. नोटीस बोर्डावर धोरणाशेजारीच हे दोन नंबर लावा.

उपचाराची तयारी असेल तर 'शेवटची संधी' असा लेखी करार करता येतो: उपचाराची रजा, परत आल्यावर डॉक्टरचा फिटनेस, पुढचे काही महिने ठरावीक टेस्ट, आणि पुन्हा सापडल्यास काय. हा करार त्यानं दुपारी, शुद्धीत, घरचं एखादं माणूस आणि युनियनचा प्रतिनिधी सोबत असताना सही करावा. उपचार घेतले ही गोष्ट पुढच्या आरोपपत्रात त्याच्याविरुद्ध वापरू नका, नाहीतर नंतर कोणीच पुढे येणार नाही. परतल्यावर पहिले काही दिवस उंचीवरचं किंवा रिॲक्टरवरचं काम नको, आणि सुपरवायझरला फक्त एवढंच सांगा की डॉक्टरनं हलकं काम लिहून दिलंय.